रक्ताची एक तासाची परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एखाद्या सभासद बाईने चार शब्द बोलावेत, असा आपला शिरस्ता आहे. आजवर इथे उन्हाळी वाळवणांवर भाषण झाले, बचतीवर झाले, मुलांच्या अभ्यासावरही झाले. या वर्षी सर्वांनी मिळून माझे नाव पुढे केले. मी डॉक्टर नाही की परिचारिका नाही. पण घरातल्या आजारपणांमुळे रक्त तपासणाऱ्यांकडे माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. तिथल्या भाऊंना आणि डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून जे समजले, तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या प्रत्येकीच्या घरी रक्ततपासणीचे कागद असतात. कुणाच्या कपाटात, कुणाच्या देव्हाऱ्यामागच्या पिशवीत. त्यांतला कोणताही कागद उलगडा, त्यात बहुतेक एक ओळ सापडते : ई.एस.आर. पुढे एक आकडा असतो. आकडा मोठा असला की घरात चिंता पसरते आणि लहान असला की सारे निश्चिंत होतात. ही चिंता आणि ही निश्चिंती, दोन्ही तपासून घेण्यासारख्या आहेत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात तर फारच.

ई.एस.आर. ही इंग्रजी आद्याक्षरे आहेत. मराठीत याला रक्तपेशींचा अवसादन-वेग म्हणतात. अवसादन म्हणजे खाली बसणे. नाव जड असले तरी गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. ताक करून ठेवले की थोड्या वेळाने वर निवळ पाणी येते आणि दाट भाग तळाशी जातो. तसेच रक्ताचे. गोठू न देता ते नळीत उभे ठेवले, तर तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी दिसू लागते.

ही परीक्षा घेण्याची मूळ रीत अशी आहे. काचेची सुमारे फूटभर लांब नळी घेतात. ती आतून अवघी अडीच मिलिमीटर रुंद असते आणि तिच्यावर शून्यापासून २०० पर्यंत मिलिमीटरच्या खुणा असतात. चार भाग रक्तात एक भाग सोडियम सायट्रेटचे पाणी मिसळतात, म्हणजे रक्त गोठत नाही. मग नळी भरून अगदी सरळ उभी करतात आणि घड्याळ लावतात. बरोबर एका तासाने वरचे निवळ पाणी किती मिलिमीटर झाले ते वाचतात. ते १२ मिलिमीटर असले, तर आपल्या कागदावर १२ लिहून येते. आता ठिकठिकाणी यंत्रे आली आहेत आणि ती तासाच्या आतच उत्तर देतात. पण तीही या जुन्या नळीशी पडताळूनच वापरायची असतात.

आता प्रश्न असा की, आजारी माणसाच्या पेशी लवकर का बसतात? याचे उत्तर मला निवळीच्या बीने दिले. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ येते. आपल्या आज्या घागरीला आतून निवळीचे बी घासत. आपण तुरटी फिरवतो. मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि झटकन तळाशी जातात. शरीरात कुठे सूज आली, जंतूंचा शिरकाव झाला, सांधे सुजले, की यकृत काही प्रथिने जास्त तयार करते. त्यांतल्या मुख्य प्रथिनाचे नाव फायब्रिनोजेन. रक्तात ते तुरटीसारखे काम करते. तांबड्या पेशी चपट्या, वाटोळ्या असतात. एरवी त्या एकमेकींपासून अंतर राखून असतात, पण हे प्रथिन वाढले की पोळ्यांच्या चवडीसारख्या एकीवर एक बसतात. अशी चवड जड असते, म्हणून ती लवकर खाली जाते आणि आकडा वाढतो.

रक्ताचा साका बघण्याची कल्पना फार जुनी आहे. पूर्वी युरोपातले वैद्य शिरेतून रक्त काढून भांड्यात ठेवीत आणि त्याचे थर बघून रोग्याची प्रकृती सांगत. पण हा वेग मोजून त्याचा रोगाशी संबंध १८९७ साली पोलंडमधल्या एडमंड बिएरनात्स्की या डॉक्टरांनी दाखवला. पुढे स्वीडनमधल्या रॉबिन फोरेअस यांनी १९१८ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या लक्षात प्रथम आले ते गरोदर बायकांचे रक्त. ते इतरांपेक्षा लवकर खाली बसत होते. तेव्हा गरोदरपण ओळखायला ही परीक्षा उपयोगी पडेल असे त्यांना वाटले होते. १९२१ साली आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयाच्या रोग्यांवर ही परीक्षा वापरली आणि नळीचे माप व रीत ठरवून दिली. म्हणून आजही तिला वेस्टरग्रेनची रीत म्हणतात. शंभर वर्षे उलटली तरी ती टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे आणि तिला मोठी सामग्री लागत नाही.

भगिनींनो, आता मुख्य मुद्द्याकडे येते. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही?

दूर कुठे धूर दिसला तर आपण म्हणतो, काहीतरी पेटले आहे. पण चूल आहे, काडीकचरा आहे की जंगलाला वणवा लागला आहे, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. ई.एस.आर. म्हणजे असा धूर आहे. शरीरात कुठेतरी दाह असावा एवढेच तो सुचवतो. कुठे आहे, कशाचा आहे, हे त्याला सांगता येत नाही. रोगाचे नाव या आकड्यावरून ठरत नाही.

त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. पहिला, रोग आधीच ओळखला गेला असेल तेव्हा तो उतरणीला लागला की नाही हे बघायला. संधिवात असो किंवा मणक्याचा क्षय असो, औषध सुरू केल्यावर दर काही आठवड्यांनी आकडा उतरत गेला तर डॉक्टरांना समाधान वाटते. दुसरा उपयोग, दडलेल्या आजाराची शंका आल्यावर. उदाहरणार्थ, पन्नाशीनंतर एखाद्याचे कानशिलाजवळ एकाएकी दुखू लागले आणि घास चावताना जबडा दुखू लागला, तर डॉक्टर हा आकडा ताबडतोब बघतात. तिथल्या रक्तवाहिनीच्या दाहाचा एक आजार आहे. तो आपल्याकडे फारसा आढळत नाही, पण उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी नेत्राचा दिवा विझू न देण्याचे श्रेय या साध्या नळीलाही असते.

आणि जिथे उपयोग नाही तेही सांगते. ताप आला तर ई.एस.आर. काढून हिवताप कळत नाही. त्यासाठी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन तपासावा लागतो किंवा आशाताईंकडच्या झटपट तपासणीच्या पट्टीवर बघावे लागते. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा भार आपल्या गडचिरोलीवर आहे, हे आपण विसरता कामा नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयाची शंका घ्यावी आणि बेडका तपासावा. ही तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रोग्याच्या खात्यात पैसेही जमा होतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १००० रुपये झाली आहे. ई.एस.आर. कमी आला म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये आणि जास्त आला म्हणून कुणाला क्षयरोगी ठरवू नये.

बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा थोडा अधिक असतो. साधारणपणे पन्नाशीच्या आतल्या बाईचा २० पर्यंत आणि पन्नाशीनंतर ३० पर्यंत ठीक मानतात. पुरुषांचा अनुक्रमे १५ आणि २०. वयाबरोबर तो वाढत जातो. गरोदरपणात तर चांगलाच वाढतो आणि बाळंतपणानंतर काही आठवडे वाढलेला राहतो. तेव्हा सुनेचा सातव्या महिन्यातला आकडा बघून घरात कुजबुज करण्याचे कारण नाही.

अंगात रक्त कमी असले तरीही आकडा वाढतो, आणि इथे आपल्यापैकी पुष्कळजणी येतात. पेशी कमी असल्या की त्यांना खाली जायला वाट मोकळी मिळते. आमच्या शेजारच्या एका काकूंचा ई.एस.आर. ४२ आला. कुणीतरी सांगितले, रक्त खराब झाले आहे. झाले! रक्त शुद्ध करण्याच्या बाटल्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत रोवणीच्या मजुरीचे पैसे त्यात गेले. कागदावर त्याच ओळीच्या वर हिमोग्लोबिन ८ लिहिलेले होते, पण त्याकडे कुणी बघितले नव्हते. पुढे आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले. हिमोग्लोबिन चढले आणि ई.एस.आर. आपोआप उतरला. ‘रक्त खराब’ नावाचा काही रोग नाही, भगिनींनो. त्या बाटल्यांनी काकूंचे फक्त पैसे गेले.

नळी नीट ठेवली नाही तरी आकडा बिघडतो. ती थोडी कलली तरी पेशी लवकर घसरतात. हवा फार उष्ण असली तरी वेग वाढतो. ही परीक्षा १८ ते २५ अंश उष्णतेत करावी असा नियम आहे. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत, पंख्याखाली केलेल्या परीक्षेचा भरवसा किती धरावा, हे तुम्हीच ठरवा. शिवाय साध्या हवेत ठेवलेले रक्त चार तासांच्या आत तपासले पाहिजे. भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीकडच्या एखाद्या गावातून नमुना दुपारी निघून संध्याकाळी पोचला, तर त्यावरून निघालेला आकडा खरा धरता येत नाही. म्हणून एका आकड्यावर घाबरू नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळच्या वेळी, चांगल्या ठिकाणी पुन्हा तपासावे.

आतापर्यंत वाढलेल्या आकड्याविषयी बोलले. आता कमी आकड्याविषयी बोलते, आणि आज मी हा विषय निवडला तो मुख्यतः याचसाठी.

माझ्या नणंदेची मुलगी नववीत होती. थंडी पडली की तिचे हातपाय असे दुखत की रात्रभर पोर रडत असे. डोळे मधूनमधून पिवळे दिसत. एका खासगी दवाखान्यात रक्त तपासले. ई.एस.आर. आला ३. ‘वात नाही, सूज नाही, रिपोर्ट उत्तम आहे,’ असे सांगून तिला परत पाठवले. मग काय, घरीदारी सगळे म्हणू लागले की शाळा चुकवायचे हे सोंग आहे. पोर दोन वर्षे दुखणेही सोसत राहिली आणि बोलणीही. पुढे शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यांनी सर्व मुलांच्या रक्ताची एक साधी चाचणी केली. हिची चाचणी सदोष आली. जिल्ह्याच्या ठिकाणी पुढची तपासणी झाली आणि निदान निघाले : सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. या आजारात तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे आणि सांधे असह्य दुखतात. त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात. आता मघाची पोळ्यांची चवड आठवा. पोळ्यांची चवड लागते, विळ्यांची लागत नाही. चवड नाही म्हणून पेशी लवकर खाली बसत नाहीत, आणि रोगी कण्हत असतानाही ई.एस.आर. अगदी थोडा येऊ शकतो. त्या मुलीचे हिमोग्लोबिन साडेसात होते. इतके रक्त कमी असताना आकडा चढायला हवा होता, तो ३ वरच होता. जाणत्या माणसाला तिथेच शंका यायला हवी होती. जो कागद ‘उत्तम’ म्हणून तिच्या हाती दिला, त्यातच तिच्या दुखण्याचा माग होता.

हा आजार शास्त्राला १९१० साली अमेरिकेत प्रथम कळला. शिकागोच्या डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात वाकड्या पेशी बघून तो लिहून काढला. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासी बांधवांमध्ये तो आढळला, आणि पुढे विदर्भातही. जंगलपट्टीत तो अधिक का, याचेही कारण आहे. ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो तो वाहक असतो. तो बहुधा ठणठणीत असतो आणि तीव्र हिवतापापासून त्याचा बराच बचाव होतो. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासावरून हे दाखवून दिले. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या मुलखात राहिलेल्या माणसांत म्हणून हे बीज टिकून राहिले. तेव्हा हा कुणाच्या जातीचा कलंक नाही आणि कुणाच्या पापाचे फळही नाही.

आणि एक गोष्ट आपण सर्वजणींनी पक्की ध्यानात ठेवावी. मूल आजारी निघाले की बोल आईला लागतो. पण हा आजार होण्यासाठी दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याचा संभव चारात एक, वाहक होण्याचा चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याचा चारात एक. म्हणून लग्न जुळवताना पत्रिका बघा वा बघू नका, पण मुलामुलीचे सिकलसेलचे कागद अवश्य बघा. वाहकाने लग्न करू नये असे कुणी म्हणत नाही. दोन्ही वाहक एकत्र येत असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच.

या आजारावर आज उपाय आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. भरपूर पाणी पिणे, थंडीपासून जपणे, उन्हात अतिश्रम न करणे आणि ताप आला की वेळ न घालवता दवाखाना गाठणे, हे पथ्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे पहिले लक्ष्य ठरले. माझी भाची आता गोळ्या घेते, पाण्याची बाटली जवळ ठेवते आणि बारावीत शिकते आहे. सोंग म्हणणारे आता तिला विचारतात, ‘बाळा, थंडी वाजत नाही ना?’

आपल्या दुखण्याविषयी आपण बायका फार गप्प राहतो. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांच्या ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात अवघ्या ८. तो अभ्यास आपल्याच मुलखातल्या आयाबहिणींचा होता, आणि साऱ्या जगाने तो वाचला. आपणही त्यातून बोध घ्यावा.

म्हणून मंडळापुढे माझी विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर प्रत्येकीला एक साधी कागदाची फाईल द्यावी. घरातल्या प्रत्येक माणसाचे तपासणीचे कागद तारखेप्रमाणे तीत लावावेत. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यावी, म्हणजे आकडा चढतो आहे की उतरतो आहे हे त्यांना एका दृष्टीत कळेल. ई.एस.आर.ची ओळ एकटी वाचू नये, शेजारचे हिमोग्लोबिनही बघावे. ज्या घरात सिकलसेलची चाचणी झालेली नाही तिथे ती करून घ्यावी, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची. आणि डॉक्टरांना ‘हा आकडा असा का आला?’ असे विचारायला लाजू नये. विचारणारीला हसणारे थोडे असतात, समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एकच सांगते. नळीतल्या रक्ताला एक तास देऊन बघतात, मग दुखणे सांगणाऱ्या माणसाचे ऐकायला तरी आपण घटकाभर का बसू नये? घरातले कुणी दुखते म्हणाले, तर कागद चांगला आहे म्हणून त्याला खोटे ठरवू नका. कागदात न उमटलेले दुखणेही दुखणेच असते.